एका शब्दाचा धनी : होरेस वॉल्पोल

२८ जानेवारी १७५४. लंडनमधील एक छत्तीस वर्षांचा अविवाहित गृहस्थ फ्लॉरेन्समधील आपल्या मित्राला पत्र लिहीत होता. सोळाव्या शतकातील टस्कनीची ग्रँड डचेस बियांका कॅपेल्लो हिचे एक जुने व्यक्तिचित्र या मित्राने त्याला भेट म्हणून पाठविले होते. ते पोहोचल्याची पोच द्यावी, आभार मानावेत आणि चार इकडच्यातिकडच्या गोष्टी कळवाव्यात, एवढाच पत्राचा हेतू. त्या ओघात त्याने आपला एक छोटासा शोधही सांगून टाकला. व्हेनिसच्या घराण्यांच्या मानचिन्हांचे एक जुने पुस्तक चाळताना त्याला कॅपेल्लो घराण्याची दोन चिन्हे आढळली होती. कॅपेल्लो म्हणजे टोपी. त्यामुळे चिन्हावर टोपी असणे स्वाभाविकच होते. पण त्यांतील एकावर निळ्या गोलात लिलीचे फूलही काढलेले होते. मेदिची राजघराण्याशी सोयरीक जुळल्यावर हा मान मिळाला असणार, हे त्याने ताडले. न शोधता लागणाऱ्या अशा शोधांसाठी आपण एक शब्द तयार केला आहे, असे सांगून त्याने तो शब्द कागदावर उतरविला : सेरेंडिपिटी.

पत्रलेखकाचे नाव होरेस वॉल्पोल. ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जाणारे सर रॉबर्ट वॉल्पोल यांचा हा धाकटा मुलगा. संसद सदस्य, कादंबरीकार, कलासंग्राहक, स्वतःच्या छापखान्याचा मालक आणि अठराव्या शतकातील सर्वश्रेष्ठ पत्रलेखकांपैकी एक अशा त्याच्या अनेक ओळखी आहेत. त्या बहुतेक आता अभ्यासकांपुरत्या उरल्या आहेत. हा शब्द मात्र जगभर पोहोचला. इंग्रजी शब्दसंग्रह वाढवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वहीत तो हमखास असतो आणि त्याच्यासमोर बहुधा ‘सुखद योगायोग’ एवढाच अर्थ लिहिलेला असतो. तो चुकीचा नाही, पण अर्धा आहे. वॉल्पोलने सांगितलेला अर्थ अधिक कडक होता. त्याच्या आयुष्यातील सर्वांत दुखरा प्रसंगही या उरलेल्या अर्ध्या अर्थाशी येऊन भिडतो.

हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. सेरेंडिप हे श्रीलंकेचे जुने नाव. संस्कृतातील सिंहलद्वीप अरबी व फारसी जिभेवर फिरत फिरत सरनदीब झाले आणि पुढे युरोपात पोहोचून सेरेंडिप झाले. तेथील तीन राजपुत्रांची कथा चौदाव्या शतकाच्या प्रारंभी दिल्लीत अमीर खुस्रोने आपल्या ‘हश्त बिहिश्त’ या फारसी काव्यात गुंफली होती. १५५७ मध्ये व्हेनिसमध्ये ती इटालियन भाषेत छापली गेली आणि फ्रेंचमधून १७२२ मध्ये इंग्रजीत उतरली. वॉल्पोलने कधीतरी ती वाचली होती. मूळ कथेत राजपुत्रांनी न पाहिलेल्या एका उंटाचे वर्णन येते. रस्त्याच्या एकाच बाजूचे गवत खाल्लेले दिसले, म्हणजे तो एका डोळ्याने आंधळा असला पाहिजे. पायाचा माग फरफटत गेलेला, म्हणजे तो लंगडा. आपल्याकडेही अनेकांनी ही गोष्ट या ना त्या रूपात लहानपणी ऐकलेली असते. वॉल्पोलच्या आठवणीत मात्र उंटाचे खेचर झाले होते. डाव्या बाजूचे गवत निकृष्ट असूनही तेवढेच खाल्लेले, म्हणजे खेचराचा उजवा डोळा गेलेला, असे त्याने मित्राला समजावून सांगितले.

हा तपशील महत्त्वाचा आहे. कुरतडलेले गवत वाटेने जाणाऱ्या प्रत्येकालाच दिसते. त्यावरून जनावराचा डोळा ओळखायला चाणाक्षपणा लागतो. म्हणूनच वॉल्पोलच्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत : योगायोग हवा, चाणाक्षपणा हवा आणि जे सापडले ते आपण शोधत नसलो पाहिजे. उदाहरणादाखल त्याने लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचा किस्सा दिला. लॉर्ड चॅन्सेलर क्लॅरेंडन यांच्याकडे जेवायला गेले असता, यजमानांच्या पत्नी आपल्याच मुलीशी ज्या अदबीने वागत होत्या ती शाफ्ट्सबरींच्या नजरेने टिपली आणि त्या मुलीचा राजाच्या भावाशी गुपचूप विवाह झाला असल्याचे त्यांनी ओळखले.

मराठीत याला नेमका प्रतिशब्द शोधू गेल्यास पंचाईत होते. बोलाफुलाला गाठ पडते किंवा कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ येते, तेव्हा असतो तो निव्वळ योगायोग. त्यालाच शास्त्री-पंडित काकतालीय न्याय म्हणतात. घुणाक्षरन्याय थोडा जवळ येतो. लाकूड पोखरता पोखरता किड्याच्या हातून एखादे अक्षर कोरले जाते, पण किड्याला ते वाचता येत नाही. वॉल्पोलच्या शब्दाला ते अक्षर वाचणारा हवा असतो. जुना मित्र अचानक रेल्वे स्थानकावर भेटला, तर त्याला सेरेंडिपिटी म्हणण्याची आता पद्धत पडली आहे. काटेकोरपणे पाहिले तर ती नव्हे. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले. बशी धुऊन न टाकता ते थबकले, ती मात्र खरी सेरेंडिपिटी.

वॉल्पोलचा जन्म २४ सप्टेंबर १७१७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सत्तेच्या शिखरावर आणि बहुतेक काळ घराबाहेर असत. आईवडिलांचे पटत नव्हते आणि मुलाचे सारे विश्व आईभोवती होते. १७३७ मध्ये आई गेली, त्याचा घाव त्याच्या मनावर कायमचा राहिला. ईटन येथील शाळेत त्याला पुढे कवी म्हणून कीर्ती मिळविणारा थॉमस ग्रे भेटला. केंब्रिजला त्याने प्रवेश घेतला, पण पदवी न घेताच तो बाहेर पडला. पोटापाण्याची चिंता नव्हतीच. वडिलांनी सरकारी कोषागारातील काही पदे त्याच्या नावे करून ठेवली होती. त्यांत काम जवळजवळ नव्हते आणि उत्पन्न आयुष्यभराचे होते. पुढे याच माणसाने पत्रांतून इतरांच्या लाचलुचपतीची यथेच्छ खिल्ली उडवावी, हा त्या काळाचा एक मासलेवाईक नमुना म्हणायचा.

१७३९ च्या वसंतात वॉल्पोल आणि ग्रे युरोपच्या प्रवासाला निघाले. आल्प्स ओलांडताना वॉल्पोलचा टोरी नावाचा लाडका कुत्रा दिवसाढवळ्या लांडग्याने पळविला. व्हिग पक्षाच्या पंतप्रधानाच्या मुलाने कुत्र्याला विरोधकांचे नाव ठेवले होते, हे विशेष. ग्रेला जुनी देवळे आणि चित्रे पाहायची होती, वॉल्पोलला नाचगाणी आणि मेजवान्या हव्या होत्या. शिवाय खर्च वॉल्पोलचा, त्यामुळे बरोबरीचे नाते टिकणे अवघड. १७४१ मध्ये इटलीतील रेज्जो येथे दोघांचे बिनसले आणि ते वेगळे झाले. चार वर्षांनी समेट झाला. ग्रेच्या मृत्यूनंतर त्याच्या चरित्रकाराला मदत करताना वॉल्पोलने या भांडणातील दोष आपला होता, आपण उर्मटपणे वागलो, हे स्वतःहून मान्य केले.

याच प्रवासात फ्लॉरेन्सला तो ब्रिटिश प्रतिनिधी होरेस मान यांच्या घरी एक वर्षाहून अधिक काळ राहिला. १७४१ मध्ये त्याने मान यांचा निरोप घेतला. त्यानंतर दोघे एकमेकांना कधीही भेटले नाहीत. १७८६ मध्ये मान यांचा फ्लॉरेन्समध्येच मृत्यू झाला. मधली ४५ वर्षे पत्रे मात्र अखंड चालू होती. संसदेतील वादविवाद, राजघराण्यातील भानगडी, नाटके, फाशीच्या शिक्षा, भूकंपाच्या अफवा, सारे काही या पत्रांत आहे. ही पत्रे पुढच्या पिढ्या वाचतील याची वॉल्पोलला पुरेपूर जाणीव होती. आपली पत्रे तो मान यांच्याकडून परत मागवून घेत असे आणि नीट टिपा देऊन जपून ठेवत असे. भारतीय वाचकाने थांबून पाहावे असेही त्यांत एक पत्र आहे. १७७० च्या बंगालमधील भीषण दुष्काळाविषयी त्याने १७७२ मध्ये मान यांना लिहिले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी धान्याची मक्तेदारी केल्यामुळे लाखो माणसे मेली, असा थेट आरोप केला आणि आपल्या देशबांधवांनी पेरूतील स्पॅनिश लोकांनाही मागे टाकले, असे म्हटले. गुलामांच्या व्यापाराविषयीही त्याने १७५० मध्येच तीव्र घृणा व्यक्त केली होती.

१७४१ ते १७६८ अशी २७ वर्षे तो संसदेत होता, पण राजकारणात त्याचा जीव रमला नाही. त्याचा जीव रमला थेम्सकाठी ट्विकनहॅम येथील एका लहानशा घरात. १७४७ मध्ये ते भाड्याने घेऊन दोन वर्षांनी त्याने विकत घेतले, स्ट्रॉबेरी हिल असे त्याचे नाव ठेवले आणि पुढची कित्येक वर्षे तो त्याला मध्ययुगीन किल्ल्याचे रूप देत बसला. बुरूज, टोकदार कमानी, रंगीत काचा सारे होते. मात्र प्रसिद्ध दालनाच्या छतावरील दगडी भासणारी नक्षी प्रत्यक्षात कागदाच्या लगद्याची होती. आत कार्डिनल वूल्सी यांची टोपी होती, एलिझाबेथ राणीच्या काळातील ज्योतिषी जॉन डी यांचा काळा आरसा होता. लोक इतके येऊ लागले, की दिवसाला चार जणांची एकच तुकडी, मुलांना प्रवेश नाही, असे नियम छापून तिकिटे द्यावी लागली. १७५७ मध्ये त्याने घराच्या आवारात छापखाना काढला आणि त्यावर पहिल्यांदा छापल्या त्या ग्रेच्या कविता.

१७६४ च्या जूनमध्ये याच घरात त्याला स्वप्न पडले. जिन्याच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक प्रचंड हात त्याला दिसला. संध्याकाळी तो लिहायला बसला आणि दोन महिन्यांच्या आत ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी तयार झाली. पडके किल्ले, भुयारे, शाप आणि भुते यांनी भरलेल्या इंग्रजी भयकथांची ही आद्यजननी. डिसेंबरमध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यावर वॉल्पोलचे नाव नव्हते. १५२९ मध्ये नेपल्स येथे छापलेला एक इटालियन ग्रंथ उत्तर इंग्लंडमधील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात सापडला आणि त्याचा हा अनुवाद, अशी बतावणी प्रस्तावनेत केली होती. मूळ लेखकाचे आणि अनुवादकाचे अशी दोन्ही नावे बनावट. पुस्तक गाजले. दुसऱ्या आवृत्तीत वॉल्पोलने खरे काय ते सांगितले. जुन्या काळचे म्हणून कौतुक करणारे काही समीक्षक रुसले, एवढेच. पंतप्रधानाच्या मुलाला याहून अधिक किंमत मोजावी लागली नाही.

पाच वर्षांनी, मार्च १७६९ मध्ये, ब्रिस्टलहून त्याच्या नावे एक पाकीट आले. पंधराव्या शतकातील टॉमस रौली नावाच्या धर्मगुरूने इंग्लंडमधील चित्रकलेच्या उगमाविषयी लिहिलेले टिपण आणि काही कविता त्यात होत्या. पाठविणाऱ्याचे नाव थॉमस चॅटरटन. वॉल्पोलने इंग्लंडमधील चित्रकारांविषयी ग्रंथ लिहिला होता, हे हेरूनच विषय निवडलेला होता. वॉल्पोल हरखून गेला. उलट टपाली त्याने अतिशय आर्जवी उत्तर धाडले, आणखी कविता मागितल्या आणि त्या छापण्याची तयारीही दाखविली.

उत्तरादाखल चॅटरटनने आपली हकीगत कळविली. तो एका गरीब विधवेचा मुलगा होता आणि एका वकिलाकडे नकलनवीस म्हणून उमेदवारी करीत होता. हे काम सोडून साहित्याची सेवा करता यावी यासाठी वॉल्पोलने मदत करावी, अशी त्याची विनंती होती. त्याचे वय तेव्हा होते अवघे सोळा. वॉल्पोलने कागद ग्रे आणि मेसन या कविमित्रांना दाखविले. त्यांनी क्षणात निकाल दिला : हे लेखन जुने नाही, बनावट आहे. निकाल बरोबरच होता. रौली नावाचा कवी कधी नव्हताच. ब्रिस्टलच्या सेंट मेरी रेडक्लिफ चर्चमधील जुनी कागदपत्रे लहानपणापासून वाचून वाचून या मुलाने तो स्वतःच्या कल्पनेतून उभा केला होता. वॉल्पोलने त्याला सल्ला दिला, की वकिलाचे काम मन लावून करावे, आईला सांभाळावे, पैसा मिळाल्यावर काव्याचे पाहता येईल. सल्ला व्यवहाराला धरून होता. पण ज्या हाताने चार वर्षांपूर्वी असेच एक जुने बाड बनविले होते, त्याच हाताने तो लिहिला होता. मुलाने कागद परत मागितले, मग पुन्हा तीव्र शब्दांत मागितले. ऑगस्टमध्ये वॉल्पोलने ते काही न लिहिता परत पाठवून दिले.

एप्रिल १७७० मध्ये चॅटरटन लंडनला आला. नियतकालिकांसाठी रात्रंदिवस लिहूनही पोट भरेना. २४ ऑगस्ट १७७० रोजी हॉलबर्नमधील ब्रूक स्ट्रीटवरील एका खोलीत आर्सेनिकच्या विषाने त्याचा मृत्यू झाला. त्याला अठरावे वर्ष पूर्ण व्हायला अजून तीन महिने होते. ती आत्महत्या होती की औषधाचे प्रमाण चुकले, याविषयी अलीकडच्या अभ्यासकांत एकमत नाही. वॉल्पोलला याचा पत्ताच नव्हता. २३ एप्रिल १७७१ रोजी रॉयल ॲकॅडमीच्या मेजवानीत ऑलिव्हर गोल्डस्मिथ ब्रिस्टलला सापडलेल्या अद्भुत जुन्या कवितांविषयी उत्साहाने सांगू लागला. वॉल्पोलने हसत हसत तो खजिना आपल्याला केव्हाच मिळू शकला असता असे सुनावले आणि चॅटरटनची चौकशी केली. तेव्हा त्याला कळले की मुलगा मरून आठ महिने झाले आहेत.

कागद परत गेल्यापासून मृत्यूपर्यंत वर्ष उलटले होते आणि दोघांची कधी गाठही पडली नव्हती. तरीही लोकांनी वॉल्पोललाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्याने १७७९ मध्ये आपल्या छापखान्यात २०० प्रती काढून सविस्तर खुलासा केला. त्याने बाजू आणखी बिघडली. दुसऱ्याच्या शैलीची हुबेहूब नक्कल करणारा उद्या हुंड्यावर खोटी सहीही करील, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते आणि विरोधकांनी ते त्याच्या तोंडावर फेकले. खासगी पत्रांत मात्र, एवढ्या लहान वयात असे सामर्थ्य दुसऱ्या कोणात पाहिले नाही, अशी कबुली तो देत राहिला. पुढे कोलरिजने चॅटरटनवर शोकगीत लिहिले आणि कीट्सने १८१८ मध्ये आपले ‘एंडिमियन’ त्याच्या स्मृतीस अर्पण केले. या साऱ्या गौरवगाथेत वॉल्पोलच्या वाट्याला खलनायकाची भूमिका आली. ती अन्यायाचीच. परंतु वॉल्पोलच्याच व्याख्येने मोजायचे तर न मागता टपालाने आलेल्या त्या पाकिटात योगायोग पुरेपूर होता. कागद खोटे आहेत हे मित्रांच्या मदतीने त्याला कळले. ते खोटे कागद लिहिणारा खरा कवी आहे, हे त्याने वेळीच ओळखले नाही.

उत्तरायुष्यात त्याला सोबत लाभली ती स्त्रियांच्या मैत्रीची. १७६५ मध्ये पॅरिसला मादाम द्यू देफां या ६८ वर्षांच्या अंध विदुषीशी त्याचा परिचय झाला. तिचा जीव त्याच्यावर जडला आणि लोक हसतील या भीतीने तो कायम संकोचत राहिला. त्याच्याच इच्छेवरून त्याची तिला आलेली बहुतेक पत्रे जाळण्यात आली. १७८० मध्ये ती गेली, तेव्हा तिचा टोंटों नावाचा कुत्रा त्याने आपल्याकडे आणला. सत्तरीत मेरी आणि ॲग्नेस बेरी या तरुण बहिणींचा सहवास लाभला. गाऊटच्या दुखण्याने हातपाय वाकडे झाले होते. १७९१ मध्ये पुतण्याच्या मृत्यूमुळे ऑर्फर्डचे अर्लपद त्याच्याकडे आले, त्याचे त्याला फारसे अप्रूप वाटले नाही. २ मार्च १७९७ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले आणि ते पदही त्याच्याबरोबर संपले. १८४२ मध्ये स्ट्रॉबेरी हिलमधील वस्तूंचा लिलाव झाला. तो २४ दिवस चालला होता.

मान यांना लिहिलेली पत्रे १८३३ मध्ये छापली गेली. शब्द कागदावर उतरून तेव्हा ७९ वर्षे झाली होती. त्याच वर्षी या ग्रंथाचे परीक्षण करताना मेकॉलेने वॉल्पोलची यथेच्छ चिरफाड केली. हा तोच मेकॉले, जो पुढच्या वर्षी हिंदुस्थानात आला आणि १८३५ मध्ये इंग्रजी शिक्षणाचे टिपण लिहून गेला. या परीक्षणामुळे वॉल्पोलचे नाव पुढे कित्येक वर्षे एक उथळ, नखरेल माणूस म्हणूनच घेतले गेले. शब्दाकडे कोणाचे लक्ष नव्हते. १८७५ मध्ये एडवर्ड सॉली या रसायनशास्त्रज्ञाने ‘नोट्स अँड क्वेरीज’ या नियतकालिकात त्याचा उल्लेख केला, तेव्हा तो जुन्या पुस्तकांच्या शौकिनांत फिरू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो शब्दकोशांत आला. १९४५ मध्ये हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी आपल्या पुस्तकात त्याला एक प्रकरण दिले आणि प्रयोगशाळांची दारे त्याला उघडली. तेथून तो जाहिरातींत, दुकानांच्या पाट्यांवर आणि २००१ मध्ये एका हॉलिवूडपटाच्या नावात पोहोचला. या प्रवासात चाणाक्षपणा मागे पडला आणि योगायोग तेवढा उरला.

रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाला १९३० च्या दशकात ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात दुसराच एक शब्द पाहत असताना हा शब्द दिसला आणि तो त्यांच्या मनात घर करून राहिला. एलिनॉर बार्बर यांच्यासह त्यांनी या एका शब्दाचा इतिहास लिहायला घेतला. १९५८ मध्ये हस्तलिखित पूर्ण झाले आणि चार दशकांहून अधिक काळ तसेच पडून राहिले. २००२ मध्ये ते प्रथम इटालियन भाषेत प्रसिद्ध झाले. इंग्रजी आवृत्ती २००४ मध्ये निघाली, तेव्हा मर्टन यांना जाऊन वर्ष होत आले होते.